शेवाळाच्या पेशीतील कारखाना आणि आमचा व्यापारी

पनवेलच्या बाजारात औषधाच्या कोणत्याही मोठ्या दुकानात आज ओमेगा-३ च्या सोनेरी गोळ्या मिळतात. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या डब्यावर 'डीएचए' ही अक्षरे ठळक छापलेली असतात. बुरख्यातील एखादी भगिनी डबा हातात घेऊन विचारते, "भाई, हे हलाल आहे ना?" आणि आमचा दुकानदार डबा उलटसुलट करून म्हणतो, "माशाचे तेल आहे, म्हणजे हलालच असणार." हे उत्तर अर्धे खरे व अर्धे अंदाजाचे आहे. त्या डब्यातील तेल अनेकदा माशाचे नसते, आणि गोळीतील तेल माशाचे असले तरी गोळीचे वेष्टन कशाचे आहे, हे दुकानदाराला ठाऊक नसते.

दुसरीकडे काही मंडळी गुळगुळीत कागदावर छापलेल्या योजना घेऊन फिरत असतात. टाक्या बांधा, शेवाळ वाढवा, तेल काढा, तयार माल आम्हीच उचलू, असे त्यांचे सांगणे असते. आयुष्यभराची शिल्लक अशा टाक्यांत बुडवण्याइतका आमचा व्यापारी श्रीमंत नाही.

हे दोन प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. शेवाळाची एक पेशी तेल कसे तयार करते, हे आम्हाला माहीत नाही. 'हे शास्त्रज्ञांचे काम, आपल्याला काय करायचे?' असे म्हणून हा विषय सोडून देणे आता परवडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या मालाची घडण व्यापाऱ्याला कळत नाही, त्या मालात तो एक तर फसतो किंवा नकळत दुसऱ्याला फसवतो. म्हणून या अंकात व्यापार-उदिमाच्या पानावर आम्ही थोडे शास्त्र मांडत आहोत. वाचकांनी कंटाळा न करता ते वाचावे, ही विनंती.

मासा हा उत्पादक नव्हे, अडत्या

पनवेलच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी उभे राहून पाहावे. पाणी ओसरले की उघड्या चिखलावर तपकिरी-हिरवी साय पसरलेली दिसते. ही साय म्हणजे कोट्यवधी एकपेशीय शैवालांची वस्ती होय. त्यात डायटम नावाचे जीव मोठ्या संख्येने असतात. प्रत्येक डायटम म्हणजे काचेसारख्या कवचात बंद असलेली एकच पेशी. चिखलावर उड्या मारणारी निवटी हीच साय खरवडून खाते. समुद्रातील तारलीही डायटमवर मोठ्या प्रमाणात जगते, आणि तारली खाऊन मोठे मासे जगतात.

माशाच्या तेलात जी दोन मोलाची मेदाम्ले असतात, म्हणजे ईपीए व डीएचए, ती समुद्रातले मासे स्वतः फारशी तयार करत नाहीत. ती मूळची शैवालाची. लहान जीवांनी शैवाल खाल्ले, माशांनी ते जीव खाल्ले, आणि तेल पायरी पायरीने वर चढत गेले. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर मासा हा या मालाचा उत्पादक नाही, अडत्या आहे. खरा उत्पादक खाडीच्या चिखलात व समुद्राच्या पृष्ठभागावर बसलेला आहे.

अडत्यावर सगळा धंदा अवलंबून असला की काय होते, हे गेल्या काही वर्षांत जगाने पाहिले. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली तारलीची आवक सुमारे ४ लाख टन होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली घसरली. पुढे ती काहीशी सावरली, पण तोपर्यंत कित्येक होड्या किनाऱ्याला बांधून राहिल्या. २०२३ साली एल निन्योमुळे समुद्र तापला आणि पेरू देशाने आपल्या उत्तर व मध्य किनाऱ्यावरील अँकोव्ही माशांचा पहिला हंगामच रद्द केला. जगातील माशाच्या तेलाचा मोठा वाटा तिथून येतो, त्यामुळे तेलाचे भाव आभाळाला भिडले. तेव्हा अडत्याला वगळून थेट उत्पादकाकडे जावे, हा विचार मोठ्या कंपन्यांना सुचला यात नवल नाही. २०१९ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्लेअर या गावी व्हेरामारिस कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. पाळीव सॅमन माशांच्या खाद्यासाठी तिथे मासे न मारता टाक्यांत असे तेल तयार होते.

कारागिरांचा मोहल्ला

आता हा उत्पादक काम कसा करतो ते पाहू.

एके काळी पनवेलची बैलगाडीची चाके घाटावर नावाजलेली होती. चाक कधी एका हाताने होत नाही. सुताराने तुंबा व आरे जमवायचे, लोहाराने लोखंडी धाव तापवून चढवायची. प्रत्येकाचे हत्यार वेगळे, आणि एकाचे काम पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही. शैवालाच्या पेशीत नेमके असेच घडते. तिथले कारागीर म्हणजे विकरे. प्रयोगशाळेत त्यांना एन्झाइम म्हणतात. विकर हे एक प्रथिन असते आणि ते बहुधा एकच काम करते, पण ते काम न थकता, पुन्हा पुन्हा आणि चोख करते.

पेशीतील हिरव्या भागाला हरितलवक म्हणतात. तिथे सूर्यप्रकाश, पाणी व कर्बवायू यांपासून साखर तयार होते. ही साखर मोडून दोन कार्बनांचा एक तुकडा निघतो. तेलाच्या बांधकामाची ही वीट होय. मेदाम्ल म्हणजे अशा विटा एकापुढे एक जोडून तयार झालेली कार्बनची साखळी. म्हणूनच खाण्याच्या तेलांतील मेदाम्लांत कार्बनांची संख्या बहुतेक वेळा सम असते, म्हणजे १६, १८, २० किंवा २२.

पण नुसती वीट साखळीला चिकटत नाही. म्हणून पहिला कारागीर त्या दोन कार्बनांच्या विटेवर कर्बवायूचा आणखी एक कार्बन चढवतो. त्यासाठी पेशीला आपले रोख चलन खर्च करावे लागते. या चलनाला एटीपी म्हणतात. पुढचा कारागीर ही तीन कार्बनांची वीट साखळीला जोडतो आणि जोडताना तो जादा कार्बन पुन्हा कर्बवायूच्या रूपाने बाहेर पडतो. व्यवहार पक्का होण्यासाठी इसार द्यावा आणि व्यवहार झाल्यावर तो परत मिळावा, तसा हा प्रकार आहे. साखळीत भर पडते ती दोनच कार्बनांची, पण त्या इसाराच्या जोरावर जोड पक्का होतो.

जोड बसल्यावर तिथे प्राणवायूचा एक अणू अडकून राहतो. तो काढून जागा साफ करण्यासाठी आणखी तीन कारागीर लागतात. एक हायड्रोजन चढवतो, दुसरा पाण्याचा रेणू काढून टाकतो, तिसरा पुन्हा हायड्रोजन चढवतो. मग साखळी पुढच्या विटेसाठी तयार होते. हे सगळे होत असताना अर्धवट माल खाली ठेवला जात नाही. एक लहानसे वाहक प्रथिन ती साखळी धरून एका कारागिराकडून दुसऱ्याकडे नेत असते. आपल्या मंडईतील पाटीवाल्यासारखेच हे काम आहे.

१६ कार्बनांची साखळी पुरी व्हायला अशा ७ फेऱ्या लागतात. त्यात इसारापोटी ७ एटीपी आणि हायड्रोजन चढवण्यासाठी एनएडीपीएच नावाचे १४ रेणू खर्ची पडतात. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे इंधनाच्या योजनांविषयी बोलताना तो कामी येईल.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. माणसाच्या शरीरातही चरबी अशाच क्रमाने तयार होते, परंतु आपल्याकडे हे सर्व कारागीर एकाच अजस्र प्रथिनात, जणू एका छपराखालच्या गिरणीत बसवलेले असतात. शैवालाच्या हरितलवकात ते सुटे सुटे असतात. ती गिरणी नसून कारागिरांचा मोहल्ला आहे.

लांबी आणि बाक

इथपर्यंतचे काम साध्या तेलाचे झाले. मोलाचे तेल यापुढे तयार होते.

तूप थंडीत गोठते आणि जवसाचे तेल गोठत नाही, हे आपल्या घरातील बायकांना शास्त्र न शिकताही ठाऊक असते. तुपातील बऱ्याच साखळ्या सरळ असतात, त्यामुळे त्या काड्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. जवसाच्या तेलातील साखळ्यांना जागोजागी बाक असतो, त्यामुळे त्यांची मोळी बांधली जात नाही. हा बाक आणणारी विकरे वेगळी आहेत. ती साखळीतून ठरलेल्या जागचे दोन हायड्रोजन काढून घेतात आणि या कामाला प्राणवायू वापरतात. ठरलेल्या जागचे असे म्हणण्याचे कारण, प्रत्येक विकराची जागा ठरलेली असते. नवव्या कार्बनवर बाक देणारा बाराव्यावर देत नाही. आणखी काही विकरे आहेत, ती साखळी दोन कार्बनांनी लांबवतात.

१८ कार्बन व ३ बाक झाले की जवसातील ओमेगा-३ तयार होते. त्याला आणखी एक बाक द्यावा, साखळी लांबवावी, पुन्हा एक बाक द्यावा, म्हणजे २० कार्बन व ५ बाकांचे ईपीए होते. आणखी लांबवून एक बाक दिला की २२ कार्बन व ६ बाकांचे डीएचए होते. माणसाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात हेच डीएचए मोठ्या प्रमाणात असते. जवसापासून डीएचएपर्यंतचा प्रवास आपले शरीर करू शकते, पण फारच थोड्या प्रमाणात. जवसाची चटणी चांगली आहे, ती खावी. मात्र ती माशाची जागा पुरती घेत नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्व शैवालांकडे सर्व कारागीर नसतात. नॅनोक्लोरोप्सिस नावाचे शैवाल ईपीएपर्यंत पोचते. क्लोरेला जवसाच्या पायरीवरच थांबते. आणि ज्या स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या गावोगाव खपतात, ते तर नीलहरित जीवाणूंच्या कुळातले. त्यात प्रथिने भरपूर असतात, पण साखळी लांबवून डीएचए करणारे कारागीर त्याच्याकडे नाहीत. मग 'स्पिरुलिना खा, माशाच्या तेलाची गरज नाही' असे सांगून माल विकणे हा अज्ञानाचा नाही तर लबाडीचा धंदा ठरतो. ज्या मोहल्ल्यात लोहारच नाही, तिथून धाव चढवलेले चाक कसे येणार?

तिवरांच्या पानांवरील जीव

बाजारात 'शैवाल तेल' म्हणून जे डीएचए मिळते, त्यातील बरेचसे स्किझोकायट्रियम नावाच्या जीवापासून काढलेले असते. हा जीव खाडीकाठच्या तिवरांच्या गळून कुजणाऱ्या पानांवर राहतो. काटेकोर बोलायचे तर हे शैवाल नव्हे. त्याला हिरवा रंग नाही आणि ऊन लागत नाही, पण कुळाने तो डायटमचा नातेवाईक आहे. या जातीच्या जीवांचा अभ्यास आपल्या शेजारी, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला आहे. तेथील डॉ. शेषगिरी रघुकुमार यांचे नाव या विषयात जगभर आदराने घेतले जाते. ज्या तिवरांना आपण चिखलातील निरुपयोगी झुडपे समजून भराव टाकतो, त्यांच्या सडक्या पानांवर एवढ्या मोलाचा जीव राहतो, हे पनवेल-उरणच्या लोकांनी तरी ध्यानात घ्यावे.

या जीवाची रीतही निराळी आहे. आधी साखळी पुरी करायची आणि मागाहून एकेक बाक द्यायचा, असे तो डीएचए करताना करत नाही. साखळी बांधता बांधताच तो बाक देत जातो आणि त्यासाठी प्राणवायूवर अवलंबून राहत नाही. हा शोध २००१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मार्टेक कंपनी १९८५ साली स्थापन झाली होती. क्रिप्थेकोडिनियम नावाच्या दुसऱ्या एका समुद्री जीवापासून तिने डीएचए काढले आणि २००२ पासून ते अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या दुधात जाऊ लागले. २०११ साली ही कंपनी हॉलंडच्या डीएसएमने विकत घेतली. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२० पासून तान्ह्या मुलांच्या दुधात डीएचए घालणे सक्तीचेच केले.

हे जीव पोलादी टाक्यांत साखरेवर वाढवले जातात. म्हणजे या तेलाचा कच्चा माल साखर होय. साखर कारखान्यांच्या या महाराष्ट्रात ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मात्र अशा टाक्या, त्यांची निर्जंतुक व्यवस्था व तेथील तज्ज्ञ यांना लागणारे भांडवल कोटींत मोजावे लागते. हा घरामागच्या हौदाचा धंदा नव्हे.

इंधनाचे स्वप्न

आता त्या योजनांकडे वळू. शेवाळापासून डिझेल काढू, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या सरकारने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे त्यावर संशोधन चालवले आणि खर्च परवडत नाही असे पाहून बंद केले. २००८ साली खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला, तेव्हा ही कल्पना पुन्हा जिवंत झाली. २००९ साली एक्झॉनमोबिल या बलाढ्य कंपनीने त्यासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याची घोषणा केली. २०१७ साली नॅनोक्लोरोप्सिसमधील तेलाचे प्रमाण २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर नेल्याचे तिच्या सहकारी शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आणि २०२३ च्या सुरुवातीस एक्झॉनने या कामातून अंग काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. सोलाझाइम नावाच्या दुसऱ्या कंपनीने इंधन सोडून खाद्यपदार्थांचा मार्ग धरला, नावही बदलले, तरी २०१७ साली तिचे दिवाळे निघाले.

असे का झाले? कारण पेशीच्या कारखान्याचा हिशेब कोणालाही चुकवता येत नाही. पाण्यात नत्र असेपर्यंत शैवालाची पेशी प्रथिने करते, दुभंगते आणि वाढते, पण फारसे तेल साठवत नाही. नत्र तोडले की तिला नवी प्रथिने करता येत नाहीत, वाढ खुंटते, आणि मग उन्हाची कमाई ती तेलाच्या रूपाने साठवू लागते. म्हणजे दुकान वाढवायचे असेल तर गल्ला भरत नाही, आणि गल्ला भरायचा असेल तर दुकान वाढत नाही. जाहिरातीतील माणूस वाढीचा आकडा एका ठिकाणचा घेतो, तेलाचा आकडा दुसऱ्या ठिकाणचा घेतो आणि दोघांचा गुणाकार करून आमच्यापुढे ठेवतो. फसवणूक त्या गुणाकारात आहे.

पाण्याचाही हिशेब करून पाहावा. उघड्या हौदात एक लिटर पाण्यामागे साधारण अर्धा ग्रॅम सुके शेवाळ निघते. हजार लिटरांमागे अर्धा किलो. त्यात चौथा हिस्सा तेल धरले तर १२५ ग्रॅम. म्हणजे एक लिटर तेलासाठी सात हजार लिटरांहून अधिक पाणी गाळून, शेवाळ वेगळे करून सुकवावे लागेल. त्यासाठी लागणारी वीज व मजुरी त्या एका लिटर डिझेलच्या किमतीत कशी बसवणार? योजना घेऊन येणाऱ्याला प्रत्येकाने हा एक प्रश्न विचारावा. तो उत्तराऐवजी भविष्याची स्वप्ने सांगू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

याचा अर्थ शैवालाचे तेल निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. जाळण्यासाठी ते महाग आहे, खाण्यासाठी मोलाचे आहे. चंदनाच्या लाकडाची चूल पेटवली तर धंदा बुडणारच.

हलाल-हरामचा प्रश्न

फतवा देणे आमचे काम नाही, ते उलेमांचे आहे. पण उलेमांपुढे प्रश्न नीट मांडणे हे व्यापाऱ्याचे काम आहे आणि ते आपण करत नाही.

माशाच्या हलाल असण्याविषयी मतभेद नाही. समुद्रातील इतर जीवांविषयी आपल्या कोकणी शाफई बांधवांची व हनफी बांधवांची मते भिन्न आहेत, हे सर्वांना माहीत आहे. शैवाल व त्याचे हे नातेवाईक प्राणी नाहीत. कत्तलीचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. टाकीत वाढवण्याच्या क्रियेला किण्वन म्हणतात, म्हणून काही जण दचकतात. पण इथे किण्वन म्हणजे दारू गाळणे नव्हे, तर साखरेवर जीव वाढवणे एवढेच.

खरे प्रश्न पुढे आहेत. पहिला, या जीवांना साखरेबरोबर जे इतर खाद्य दिले जाते, त्यात प्राण्यांच्या मांसापासून केलेले पेप्टोन आहे की वनस्पतीपासून अथवा यीस्टपासून केलेले? दुसरा, तेल काढताना कोणते द्रावण वापरले? हेक्झेन, अल्कोहोल, की पेशीची भिंत विकरांनी फोडून नुसत्या यंत्राने? तिसरा, तेलाची भुकटी केली असेल तर तिच्यावरील आवरण जिलेटिनचे आहे की स्टार्चचे किंवा दुधातील प्रथिनाचे? चौथा आणि सर्वांत मोठा, गोळीचे वेष्टन कशाचे? जिलेटिन हे जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात. ते जनावर डुक्कर असू शकते, गाय-म्हैस असू शकते, मासाही असू शकतो. स्टार्च व समुद्री वनस्पतींपासून केलेली शाकाहारी वेष्टनेही आता सर्रास मिळतात. आमचा दुकानदार तेलाची खात्री देतो आणि वेष्टनाविषयी गप्प बसतो. हे बरोबर नाही. पुरवठादाराकडून या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मागवावीत आणि ती जवळच्या आलिमांना दाखवावीत. उत्तर मिळत नसेल तर माल ठेवू नये.

यात केवळ दीनदारी नाही, व्यापारही आहे. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याने खाद्यपदार्थांना हलाल प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि १७ ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या व मध्यम उद्योगांना ते लागू झाले. न्हावा-शेव्याचे बंदर आपल्या दाराशी आहे. ज्याच्याकडे अशा मालाची पुरी कागदपत्रे असतील, त्याला हे बंदर उपयोगी पडेल. बाकीच्यांनी कंटेनर मोजत बसावे.

मापात खोट नको

एक गोष्ट कटू आहे पण सांगितली पाहिजे. डब्यावर '१००० मिलिग्राम माशाचे तेल' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मागे बारीक अक्षरांत पाहिले तर ईपीए १८० व डीएचए १२० मिलिग्राम, म्हणजे दोन्ही मिळून ३००. उरलेले ७०० मिलिग्राम साधे तेल. हे छापलेले असते, लपवलेले नसते. परंतु गिऱ्हाइकाला १००० चा आकडा दाखवून भाव सांगणे आणि ३०० चा आकडा न दाखवणे, हे डांडी मारण्यापेक्षा फार वेगळे आहे असे आम्हाला वाटत नाही. मापात व तोलात चोख राहण्याची आपल्या दीनची ताकीद तराजूच्या काट्यापुरती नाही, ती लेबलालाही लागू आहे.

शिवाय ज्या बाकांमुळे हे तेल मोलाचे, त्याच बाकांपाशी हवा लागून ते लवकर खवट होते. उन्हात ठेवलेल्या, जुन्या, मासळीचा उग्र दर्प येणाऱ्या गोळ्या सवलतीत विकणे थांबवले पाहिजे.

काय करावे

आमच्या सूचना मोजक्या आहेत. शेवाळापासून इंधन काढण्याच्या कोणत्याही योजनेत लहान व्यापाऱ्याने पैसा घालू नये. स्पिरुलिना विकायचे तर प्रथिनांसाठी विकावे, डीएचएचे नाव घेऊ नये. ज्यांना या मालात उतरायचे आहे, त्यांनी उत्पादनाऐवजी आधी खात्रीच्या मालाची पुरवठादारी करावी. चार-पाच दुकानदारांनी एकत्र येऊन मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, खर्च वाटून घ्यावा आणि तपासणीचा कागद दुकानात लावावा. तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. तेथे कामाला असलेल्या आपल्या मुलांनी टाकाऊ डोकी व आतडी कुठे जातात, त्यातील तेलाचे काय होते, हे डोळे उघडे ठेवून पाहावे.

आणि मुलांना शिकवावे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेलांच्या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आपल्या वस्तीतील किती मुलामुलींना ही नावे ठाऊक आहेत? ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या होड्या बांधल्या, जाळी ओढली, मासळी बाजारात आणली, त्याच समाजाला माशातील तेल कुठून येते हे परक्यांनी सांगावे, ही स्थिती भूषणावह नाही.

शेवटी दुकानात उभ्या असलेल्या त्या भगिनीकडे परत येऊ. तिचा नवरा रोजंदारीवर असेल तर महागड्या गोळ्यांचा डबा तिच्या हाती देण्याआधी आमच्या दुकानदाराने तिला एवढे सांगावे, की बाई, आठवड्यातून दोनदा ताजा बांगडा किंवा तारली मिळत असेल तर हेच डीएचए त्यात आहे, आणि त्याच्या हलाल असण्याविषयी कोणालाही विचारावे लागत नाही. बाकी डॉक्टरांनी सांगितले असेल तरच गोळी घ्या. असे सांगितल्याने एक डबा कमी खपेल. पण ती भगिनी पुढच्या वेळी त्याच दुकानात येईल आणि शेजारणीलाही घेऊन येईल. शास्त्र कळलेला आणि खरे बोलणारा व्यापारी कोणत्याही बाजारात मागे पडत नाही, असा आमचा विश्वास आहे.